दोन जुन्या डिशवॉशरपैकी कुठला ठेवावा? धुणं आणि सुकवणं वेगवेगळं तपासा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या घरी सध्या दोन जुने डिशवॉशर आहेत. एक २०१३ साली इथेच पुण्यात घेतलेला. दुसरा २००६ सालचा, भाऊ जर्मनीहून कायमचा परतला तेव्हा घरसामानासोबत आणलेला. त्याच्यावरचं लेबल अजून शाबूत आहे आणि त्यावर साफसफाई ‘ए’ आणि सुकवणं ‘ए’ असं लिहिलंय. इथल्या मशीनमधून कढईसुद्धा स्वच्छ निघते, पण भांडी ओलीच राहतात. जर्मन मशीनमधून भांडी कोरडी ठणठणीत येतात, पण वाट्यांच्या तळाला डाळ आणि ताटांना पिठल्याचा पापुद्रा तसाच. ओट्याखाली जागा एकाचीच आहे. वाकडला अगदी वरच्या मजल्यावर राहता आणि पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. आता दोन्हींतला चांगला कुठला, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बरीच वर्षं घरगुती डिशवॉशरच्या दुरुस्तीचं काम करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या मशीनचं धुणं बिघडलं असेल तर ते बहुतेक वेळा पूर्ववत करता येतं. सुकवणं मात्र बरंचसं मशीनच्या रचनेतच ठरलेलं असतं, ते नंतर फारसं वाढवता येत नाही. त्यामुळे दोन जुन्या मशीनमधून एक निवडायचं असेल, तर आज कुठलं जास्त स्वच्छ धुतंय याला मी दुय्यम मानतो. दोघांची नीट निगा झाल्यावर कुठलं चांगलं सुकवतंय, ते बघतो. तुमच्या बाबतीत निकाल जर्मन मशीनकडे झुकतो, पण काही अटींवर. त्यातली पाण्याच्या दाबाची अट तर सगळा निकाल फिरवू शकते.

आधी त्या लेबलबद्दल, कारण त्यावरच्या ‘ए’मुळे तुमचा गोंधळ वाढलाय. युरोपात २०११ सालाच्या अखेरीपर्यंत डिशवॉशरच्या लेबलवर विजेचा वर्ग, साफसफाईचा वर्ग आणि सुकवण्याचा वर्ग अशी तीन अक्षरं वेगवेगळी असत. नंतरच्या लेबलवरून साफसफाईचं अक्षर गेलं, कारण तेवढी साफसफाई सगळ्यांना सक्तीचीच झाली. २०२१च्या लेबलवरून सुकवण्याचंही गेलं. म्हणजे धुणं आणि सुकवणं असे दोन्ही वेगळे गुण दाखवणारं लेबल जुन्याच मशीनवर सापडतं, आणि ते उपयोगाचं आहे. फक्त ते गुण कशावर मिळालेत हे लक्षात घ्या. चाचणीत चिनी मातीच्या पसरट प्लेटा, कप, ग्लास आणि काटे-चमचे होते. त्यांवर वाळवलेलं खरकटं म्हणजे दूध, चहा, अंडं, ओट, पालक, खिमा, मार्जरीन. लेबलसाठी वापरलेला प्रोग्रॅम बहुधा ५० अंशांचा किफायतशीर. आपली खोलगट स्टीलची वाटी, फोडणीचं तेल, बेसन आणि करपलेलं दूध त्या चाचणीत नव्हतंच. त्या ‘ए’ने तुम्हाला फसवलेलं नाही, तो वेगळ्या स्वयंपाकघरातला ‘ए’ आहे एवढंच.

आता धुण्याकडे येऊ. भांडं स्वच्छ होण्यासाठी रसायन, उष्णता, पाण्याचा मारा आणि वेळ या चार गोष्टी लागतात. झिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९च्या सुमारास हे चार भाग एका वर्तुळात मांडले. धुण्याच्या धंद्यात आजही त्याच वर्तुळाचा आधार घेतात. एक भाग कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. नव्या मशीनचा किफायतशीर प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो तो याचमुळे: पाणी आणि उष्णता कमी केली, म्हणून वेळ वाढवला. नवी मशीन साधारण दहा लिटर पाण्यात पूर्ण भार धुतात. पुष्कळ नव्या मशीनमध्ये वरचा आणि खालचा पंखा एकाच वेळी चालतही नाही, पाणी आळीपाळीने दिलं जातं. तुमच्या २००६च्या मशीनच्या पिढीत बारा-पंधरा लिटर पाणी लागायचं. म्हणजे पाणी आणि मारा या दोन्हींत जुनं मशीन मुळात कमी नाही. तरी डाळ राहत असेल तर या चारांपैकी काहीतरी बिघडलंय, आणि ते शोधून काढता येतं.

माझा पहिला संशय पाण्यावर. डिशवॉशरच्या आत पाणी मृदू करणारी राळ असते आणि ती पुन्हा ताजी करायला सॉल्ट लागतं. मशीनमध्ये पाण्याच्या कठीणपणाचा आकडा बसवायचा असतो. तुमच्या भावाने तो जर्मनीतल्या त्याच्या गावाच्या पाण्याप्रमाणे बसवलेला असणार आणि इथे आल्यावर कुणी बदललेला नसणार. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा औषधाच्या किंवा फिशटँकच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने मोजा. पट्टीवरचा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला १७.८ने भागा, म्हणजे जर्मन अंश, कठीणपणाचं तिकडचं माप, मिळतील. ५३४ आलं तर ३० अंश. पुस्तिकेत बघून तोच आकडा मशीनमध्ये बसवा. काही जुन्या मशीनची मर्यादा ३५ अंशांपर्यंत असते, काहींची ५०. तुमचं पाणी मर्यादेच्या वर गेलं तर मशीन कितीही चांगलं असलं तरी क्षार धरणारच. मग बाहेरून सॉफ्टनर लावायचा किंवा नाद सोडायचा.

इथे पावडरीचाही संबंध येतो. २००६ सालच्या युरोपात डिशवॉशरच्या पावडरीत फॉस्फेट सर्रास असायचं. ते पाण्यातला क्षार बांधून ठेवायचं, त्यामुळे सॉल्ट थोडं कमी पडलं तरी झाकून जायचं. तिथे १ जानेवारी २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा आली आणि कंपन्यांनी सगळी घडणच बदलली. आजच्या पावडरी आणि टॅब्लेट विकरांवर, म्हणजे एन्झाइमवर चालतात. ते डाळ-भाताचा स्टार्च आणि दूध-बेसनाची प्रथिनं तोडतात, पण त्यांना मृदू पाणी आणि ५०-५५ अंशांवर पुरेसा वेळ लागतो. जुन्या मशीनला आजची पावडर द्यायची असेल तर सॉल्टमध्ये काटकसर करून चालत नाही. ‘ऑल इन वन’ टॅब्लेटमध्ये सॉल्टचं काम आहे असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच. वाकड, वाघोली, हिंजवडी भागातल्या बोअरच्या पाण्याला तेवढं सहसा पुरत नाही. आणि सॉल्ट म्हणजे डिशवॉशरचं जाड सॉल्टच. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि मीठ मोकळं राहण्यासाठीची द्रव्यं असतात, ती राळेला चालत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे पाण्याचे पंखे, स्प्रे आर्म. दोन्ही काढून खिडकीकडे धरा आणि एकेका भोकातून बघा. जुन्या पंख्यांत मला हमखास सापडतं ते असं: टोकाच्या दोन-तीन भोकांत मोहरी नाहीतर जिरं अडकलेलं, भोकांच्या कडेला पांढरा क्षार जमून भोक अर्धं झालेलं आणि पंखा हलवला की आत काहीतरी खुळखुळतंय. टोकाच्या भोकांमधून तिरकस मारणाऱ्या पाण्यानेच पंखा फिरतो. ती बुजली की पंखा अडखळतो किंवा एका जागी थांबून एकाच वाटीला धूत बसतो. टूथपिकने भोकं मोकळी करा, पंखे लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. मग एक साधी परीक्षा घ्या: पंखा दाराशी काटकोनात ठेवून मशीन चालू करा, धुणं सुरू झाल्यावर थोड्या वेळाने थांबवून उघडा. पंखा होता त्याच जागी दिसला तर पुन्हा एकदा करून बघा. दोन्ही वेळा तसाच दिसला तर तो फिरत नाही. हे करताना वाफ आणि गरम पाणी अंगावर येतं, दार एकदम उघडू नका.

तिसरी गोष्ट भांडी मांडण्याची. जर्मन रॅकचे दाते पसरट प्लेटांच्या अंतराचे असतात. आपल्या वाट्या तिथे एकमेकींत सरकतात आणि मागच्या वाटीच्या तळाला पाणी पोचतच नाही. वाट्या एक दाता सोडून, तोंड खाली आणि पंख्याकडे तिरकं करून लावा. भार थोडा कमी बसेल, तो स्वीकारा. आणि प्रोग्रॅम ५०चा नको, ६५ किंवा ७०चा घ्या. तुमच्या इथल्या मशीनमधून कढई निघते याचं मुख्य कारण बहुधा तुम्ही तिथे कढईसाठीचा तीव्र प्रोग्रॅम लावता आणि जर्मन मशीन भावाच्या सवयीप्रमाणे इकोवर, म्हणजे किफायतशीर प्रोग्रॅमवर चालतं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत मला हेच आढळतं. तसं असेल तर तुमची आजवरची तुलना दोन प्रोग्रॅमची झालीय, मशीनची झालेलीच नाही.

आता सुकवणं. इथे रचनेचा फरक खरा दिसतो. युरोपीय पद्धतीच्या मशीनमध्ये सहसा गरम हवा नसते. शेवटच्या विसळण्याचं पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवतात, भांडी तापतात, त्यांच्यावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि आतल्या स्टीलच्या त्यामानाने गार भिंतीवर जमून खाली ओघळतं. काही मशीनमध्ये त्या भिंतीच्या मागे पाण्याची चपटी टाकी असते. सुकवण्याच्या वेळी तिच्यात गार पाणी भरलं जातं, भिंत गार होते आणि वाफ तिथे जोरात जमते. अशा टाकीची मशीन चांगली सुकवतात. तुमच्या जर्मन मशीनला ती असण्याची दाट शक्यता आहे, तुम्ही सांगताय ते कोरडेपण त्याच्याशी जुळतं. तंत्रज्ञ आला की बाजूचा पत्रा काढून बघायला सांगा. काही बॉश आणि सीमेन्स मशीनमध्ये झिओलाइट नावाचं खनिज असतं. ते ओलावा शोषताना स्वतः तापतं आणि गरम कोरडी हवा परत आत सोडतं. अशी सोय मशीनमध्ये असते किंवा नसते, नंतर बसवता येत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे पाहिलेल्या जुन्या मशीनशी तुलना करू नका. तिथल्या पुष्कळ जुन्या मशीनमध्ये तळाला उघडी कॉइल असते, ती आतली हवाच तापवते. त्यामुळे प्लॅस्टिकही सुकतं, आणि खालच्या रॅकमध्ये ठेवलेला डबा वाकडाही होतो. ती मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, इथे आणून उपयोग नाही. जर्मनीचा आणि आपला वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, म्हणून तुमच्या भावाचं मशीन इथे सरळ चाललं.

इथल्या मशीनमधली भांडी ओली राहतात त्याला कारणं तीन असू शकतात, आणि त्यातली दोन सुधारता येतात. पहिलं, रिन्स एड, म्हणजे शेवटच्या विसळण्यात मिसळणारं द्रव, संपलेलं किंवा त्याचं प्रमाण फार कमी ठेवलेलं. रिन्स एडमुळे पाण्याचा थेंब फुटून पातळ पडदा होतो आणि तो लगेच उडतो. टॅब्लेट वापरत असाल तरी रिन्स एड वेगळं भरा. दुसरं, शेवटचं पाणी तापतच नाही. प्रोग्रॅम संपल्याक्षणी दार किंचित उघडा. भरपूर वाफ आली पाहिजे आणि जाड बुडाचं स्टीलचं पातेलं हातात धरवणार नाही इतकं गरम पाहिजे. कोमट असेल तर हीटर, तापमानाचा सेन्सर किंवा हीटरवर बसलेला क्षार यांच्यात दोष आहे. तिसरं कारण म्हणजे रचना. रिन्स एड भरलेलं आहे, भांडी चटका बसेल इतकी तापलीत, तरीही अर्ध्या तासाने वाट्यांवर थेंब असतील, तर त्या मशीनची सुकवण्याची कुवत तेवढीच आहे.

स्टीलच्या वाट्यांबद्दल एक सांगतो. स्टीलची पातळ वाटी लवकर तापते आणि तितकीच लवकर गार होते. चिनी मातीची जाड प्लेट उष्णता धरून ठेवते, म्हणून तिच्यावरचं पाणी शेवटपर्यंत उडत राहतं. प्लॅस्टिकचा डबा वजनाला हलका, उष्णता धरत नाही आणि त्याच्यावर पाण्याचे मणी तयार होतात. त्यामुळे कुठल्याही संघनन पद्धतीच्या, म्हणजे वाफ गार भिंतीवर जमवून सुकवणाऱ्या मशीनमध्ये प्लॅस्टिकचे डबे ओले निघणार, त्यावरून मशीनला नापास करू नका. सुकवण्याची तुलना स्टील आणि चिनी मातीवरच करा.

आता खरी तुलना कशी करायची ते सांगतो. दोन्ही मशीन आधी साफ करून घ्या: गाळणी, पंखे, दाराच्या खालच्या रबराच्या घडीतला काळा चिकटा, मग रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर शंभर-सव्वाशे ग्रॅम लिंबूसत्व घालून एकदा. त्या फेरीत पावडर घालू नका. दोन्हींमध्ये सॉल्ट आणि रिन्स एड भरा. मग सारख्या ताटल्या आणि वाट्यांचे दोन संच करा. वाट्यांना घट्ट वरण, ताटांना पिठलं चमच्याने पातळ पसरून, ग्लासांना दूध आणि चहा लावा आणि दोन-तीन तास उघड्यावर वाळू द्या. पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दोन्हींत सारखी, २० ग्रॅम घाला. तापमान दोन्हींत तेच. बाकीचा भार नेहमीसारखा भरा, अर्ध्या रिकाम्या मशीनची परीक्षा काही सांगत नाही.

प्रोग्रॅम संपल्यावर दार न उघडता अर्धा तास थांबा, मग आधी सुकवणं बघा. युरोपातल्या चाचणीत पूर्ण कोरड्या वस्तूला २, एक-दोन थेंब किंवा एक ओली रेघ असेल तर १ आणि त्याहून जास्त ओल असेल तर ० असे गुण देत. तसेच द्या. वरच्या रॅकचे आणि खालच्या रॅकचे गुण वेगळे लिहा. स्वच्छतेसाठी वाटी उजेडात तिरकी धरा आणि कोरडं बोट आतून फिरवा. बेसनाचा खरखरीत कण डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतो. वरच्याच रॅकला घाण राहत असेल तर वरच्या पंख्याला पाणी कमी पोचतंय. सगळीकडे सारखा ओशटपणा असेल तर उष्णता किंवा पावडर कमी आहे. पांढरा थर असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. गेला तर तो क्षार. काचेवर राहिला तर काच कायमची झिजलीय.

शक्य असेल तर १६ अँपिअरच्या प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर उसनं आणा. ७० अंशांच्या प्रोग्रॅमला जुनं मशीन साधारण सव्वा ते दीड युनिट खातं. मीटरवर अर्धाच युनिट दिसला तर पाणी तापलेलंच नाही, मग धुणं आणि सुकवणं दोन्हींचा निकाल बाद. हा एक आकडा मला मशीनबद्दल पॅनलवरच्या दिव्यांपेक्षा जास्त सांगतो.

आता दाबाची अट. युरोपीय मशीनना बहुधा किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे नळाच्या वर पाच मीटर पाण्याची उंची. तुम्ही अगदी वरच्या मजल्यावर आहात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तुमच्या ओट्याखालच्या नळाच्या वर तीन-चार मीटरच असेल, तर मशीन भरायला खूप वेळ घेतं, मध्येच नळाची चूक दाखवून थांबतं किंवा कमी पाण्यावर पंप घरघरतो आणि पंखे रेंगाळतात. वाट्यांतल्या डाळीचं कारण हेसुद्धा असू शकतं. बादली लावून बघा: त्या नळाला मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी आलं तर चिंता नाही, तीन-चार लिटरच आलं तर आधी छोटा प्रेशर पंप लावा. सोसायटी पंपाला परवानगी देत नसेल आणि इथलं मशीन कमी दाबावर बिनतक्रार भरत असेल, तर सुकवण्याचा मुद्दा बाजूला ठेवून इथलंच ठेवा.

दुसरी अट सुट्या भागांची. जर्मन मशीन विकणारी कंपनी इथे असली तरी २००६च्या त्या मॉडेलचा पंप किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड इथे मिळेलच असं नाही. दाराच्या आतल्या कडेवर मॉडेल क्रमांकाची पट्टी असते, तिचा फोटो काढून आधी चौकशी करा. पंखे, गाळणी, रबर, दाराच्या दोऱ्या यांचं निभावतं. हीटर आणि पंख्यांना पाणी पुरवणारा सर्क्युलेशन पंप मिळत नसतील तर मी त्या मशीनवर फार पैसे घालणार नाही.

इथलंच मशीन ठेवावं लागलं तर ओल कमी करायचा सोपा उपाय आहे. प्रोग्रॅम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दार चार बोटं उघडं ठेवा आणि भांडी काढताना आधी खालचा रॅक रिकामा करा, नाहीतर वरच्या वाट्यांच्या बुडाशी साचलेलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं. वर ग्रॅनाइटचा ओटा असेल तर वाफेची काळजी नको. प्लायवूडचं कपाट आणि लॅमिनेटची कड असेल तर ती वाफेने फुगते, तिथे खाली ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून घ्या. पावसाळ्यात मात्र दार उघडून फारसं साधत नाही, बाहेरच्या हवेतच ओल असते. तेव्हा शेवटचं विसळणं जास्त गरम असलेला प्रोग्रॅम लावा.

पाण्याच्या कठीणपणाचा आकडा, नळाला मिनिटाला किती लिटर येतं ते आणि दोन्ही मशीनच्या वॉटमीटरचं रीडिंग इथे कळवा. त्यावरून जर्मन मशीनवर खर्च करावा की नाही, ते मी नक्की सांगू शकेन.